सागरी मत्स्यालयातील टँग मासे

टँग किंवा सर्जन मासे हे ॲकँथ्युरिडी कुलातील सागरी मासे असून घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ते मोठ्या प्रमाणावर पाळले जातात. पिवळा, निळा, जांभळा असे ठळक रंग, दिवसभर चालणारी हालचाल आणि खडकांवरील शैवाल खाण्याची सवय ही त्यांच्या लोकप्रियतेची कारणे होत. मात्र अपुरी जागा, प्राणवायूची कमतरता, चुकीचा आहार आणि आपल्यासारख्याच माशांचा सक्तीचा सहवास यांचा ताण त्यांना लवकर जाणवतो. अशा ताणाखालील टँग आपसांत भांडतात, खाणे सोडतात आणि परजीवींना बळी पडतात. त्यामुळे त्यांच्या संगोपनाचे यश बहुतांशी मासा टाकीत सोडण्यापूर्वीच्या निर्णयांवर अवलंबून असते. जातीची निवड, टाकीची लांबी, विलगीकरण आणि मासे सोडण्याचा क्रम हे त्यांपैकी प्रमुख होत.

नाव व वर्गीकरण

ॲकँथ्युरिडी हे नाव ‘काटा’ व ‘शेपटी’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. शेपटीच्या बुडख्याशी दोन्ही बाजूंना असलेला धारदार काटा हे या कुलाचे वैशिष्ट्य आहे. हा काटा शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा असल्याने या माशांना सर्जन मासे म्हणतात. कुलात सुमारे ८० जाती असून त्या ॲकँथ्युरस, टीनोकीटस, झेब्रासोमा, पॅराकँथ्युरस, नासो आणि प्रायोन्युरस या सहा प्रजातींमध्ये विभागल्या आहेत. पहिल्या चार प्रजातींमध्ये प्रत्येक बाजूस एकच काटा असतो. तो चाकूच्या पात्याप्रमाणे खाचेत मिटतो आणि मासा शेपटी वळवतो तेव्हा बाहेर येतो. नासो प्रजातीत एक किंवा दोन, तर प्रायोन्युरस प्रजातीत त्याहून अधिक स्थिर, न मिटणारी पाती असतात.

बाजारातील नावांमुळे गोंधळ होण्याचा संभव असतो. ‘ब्लू टँग’ हे नाव अटलांटिक महासागरातील ॲकँथ्युरस सेरुलियस या जातीला तसेच हिंदी व प्रशांत महासागरांतील पॅराकँथ्युरस हेपॅटस या जातीलाही लावले जाते. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) व ‘फाइंडिंग डोरी’ (२०१६) या चित्रपटांतील डोरी ही दुसऱ्या जातीची आहे. दोन्ही जातींचा आकार व स्वभाव भिन्न असल्याने खरेदीच्या वेळी शास्त्रीय नावाची खात्री करून घेणे उपयुक्त ठरते.

नैसर्गिक जीवन

टँग उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींच्या परिसरात राहतात. बहुसंख्य जाती हिंदी व प्रशांत महासागरांत आढळतात, तर अटलांटिकमधील जाती थोड्या आहेत. भारतात लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथील प्रवाळभित्तींवर या कुलातील अनेक जाती आहेत.

टँगचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते, तोंड लहान असते आणि दात शैवाल खुडण्यासाठी अनुकूल असतात. बहुतेक जाती दिवसाचा मोठा भाग खडकांवरील शैवाल खाण्यात घालवतात. शैवालातून मिळणारे पोषण विरळ असल्याने त्यांना सतत खावे लागते आणि त्यासाठी मोठ्या क्षेत्रात फिरावे लागते. काही जातींच्या आतड्यात एपुलोपिसियम हे अतिविशाल जीवाणू राहतात. त्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक असू शकते, म्हणजेच ते नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात. हे जीवाणू माशाच्या पचनसंस्थेतील सहजीवी आहेत.

सर्वच जाती एकाच पद्धतीने खात नाहीत. झेब्रासोमा प्रजातीतील माशांचे मुस्कट लांबट असते आणि ते खडकांच्या फटींतील शैवाल खुडतात. टीनोकीटस प्रजातीतील मासे फणीसारख्या बारीक दातांनी खडकावरील डायटम व सेंद्रिय कणांचा पातळ थर विंचरून घेतात. ॲकँथ्युरस ऑलिव्हेशियससारख्या जाती वाळूवरील थर वाळूसह गिळतात, तर पॅराकँथ्युरस हेपॅटस प्रामुख्याने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतो.

सामाजिक वर्तनातही असाच फरक आहे. ॲकँथ्युरस लिनिएटस हा मासा भित्तीच्या लाटा फुटणाऱ्या कडेवर शैवालाचा तुकडा राखतो आणि तेथे येणाऱ्या इतर शैवालभक्षी माशांना हुसकावून लावतो. ॲकँथ्युरस ट्रायोस्टेगससारख्या जाती मोठ्या थव्यांनी फिरतात. थव्याच्या बळावर त्या अशा राखीव क्षेत्रात शिरून चरतात. मत्स्यालयात दिसणारी आक्रमकता ही मूलतः अन्नाच्या क्षेत्राचे रक्षण करण्याची हीच प्रवृत्ती असते. समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो. टाकीत त्याला ती सोय नसते.

जातींची निवड

दुकानात विक्रीस असलेले टँग बहुधा ५ ते ८ सेंमी लांबीचे, अल्पवयीन असतात. त्यामुळे त्यांच्या पूर्ण वाढीचा अंदाज येत नाही. हवाईतील पिवळ्या टँगचे वय ४० वर्षांहून अधिक असल्याचे आढळले आहे. म्हणजे मासा घेताना केलेली निवड दीर्घकाळाची असते. मत्स्यालयात आढळणाऱ्या प्रमुख जाती पुढीलप्रमाणे आहेत. टाकीच्या लांबीचे आकडे अनुभवी मत्स्यपालकांत रूढ असलेले किमान संकेत आहेत.

• टॉमिनी टँग (टीनोकीटस टॉमिनिएन्सिस) व कोले टँग (टीनोकीटस स्ट्रायगोसस) : लांबी सुमारे १५ ते १८ सेंमी. तुलनेने शांत. १२० सेंमी लांबीची टाकी चालते.
• पिवळा टँग (झेब्रासोमा फ्लावेसेन्स) : लांबी सुमारे २० सेंमी. काटक, परंतु सजातीयांशी भांडखोर. १२० सेंमी वा अधिक.
• जांभळा टँग (झेब्रासोमा झँथ्युरम) : लांबी सुमारे २२ सेंमी. मुख्यतः तांबड्या समुद्रातील. पिवळ्या टँगहून आक्रमक. १५० सेंमी वा अधिक.
• शिडाचा टँग (झेब्रासोमा देजार्डिनाय) : लांबी ४० सेंमीपर्यंत. पर उभारल्यावर उंचीही मोठी. १८० सेंमी वा अधिक.
• पॅराकँथ्युरस हेपॅटस : लांबी सुमारे ३० सेंमी. भित्रा व पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगास प्रवण. १८० सेंमी वा अधिक.
• पावडर ब्लू टँग (ॲकँथ्युरस ल्युकोस्टर्नन) : हिंदी महासागरातील आकर्षक जाती. आक्रमक आणि रोगप्रवण असल्याने नवशिक्यांसाठी अयोग्य मानली जाते. १८० सेंमी वा अधिक.
• सोहल टँग (ॲकँथ्युरस सोहल) : लांबी ४० सेंमीपर्यंत. अत्यंत आक्रमक. सहसा टाकीतील एकमेव टँग म्हणून ठेवतात.
• नासो टँग (नासो लिट्युरेटस) : लांबी सुमारे ४५ सेंमी. स्वभावाने शांत, पण पोहण्यासाठी २०० सेंमीहून अधिक लांबीची टाकी लागते.

नासो युनिकॉर्निस ही शिंग असलेली जाती ७० सेंमीपर्यंत वाढते. घरगुती टाकीत तिला स्थान देता येत नाही.

टाकी व पाणी

टँगच्या बाबतीत पाण्याच्या एकूण आकारमानापेक्षा टाकीची लांबी अधिक महत्त्वाची ठरते. समान आकारमानाच्या उंच टाकीपेक्षा लांब व रुंद टाकीत त्यांना सलग पोहता येते. ‘मासा लहान आहे तोवर लहान टाकी’ हा मार्ग अनेकदा फसतो. वाढणारा मासा काचेच्या कडेने एकसारख्या येरझाऱ्या घालू लागतो, सहवासी माशांवर चाल करतो आणि मोठी टाकी उभी राहण्यापूर्वीच आजारी पडतो.

खडकांची मांडणी भिंतीसारखी सलग न ठेवता दोन-तीन स्वतंत्र ढिगांत केल्यास दृष्टीची रेषा तुटते आणि पाठलाग लांबत नाही. प्रत्येक टँगला रात्री शिरण्यासाठी स्वतंत्र फट लागते. पिवळ्या टँगचा रंग रात्री फिका पडतो आणि अंगावर पांढरट आडवा पट्टा उमटतो. हे रोगाचे लक्षण नसून दिवे लागल्यावर काही वेळात मूळ रंग परत येतो.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ आणि पीएच ८.१ ते ८.४ या मर्यादेत स्थिर ठेवतात. अमोनिया व नायट्राइट मोजण्यायोग्य प्रमाणात असू नयेत. नायट्रेट साधारणपणे २० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत राखतात. नवी टाकी जैविक दृष्ट्या स्थिरावण्यास काही महिने लागतात. तोवर खडकांवर शैवालही वाढलेले नसते, म्हणून टँग हा टाकीत येणाऱ्या शेवटच्या माशांपैकी असावा, असे मानले जाते.

सतत पोहणाऱ्या या माशांना प्राणवायू भरपूर लागतो. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. त्यामुळे मुंबई किंवा कोकणासारख्या उष्ण भागात उन्हाळ्यात चिलर वा पंख्याची व्यवस्था आवश्यक ठरते. वीज गेल्यास पृष्ठभागाची खळबळ थांबते आणि मोठ्या टँगना सर्वांआधी धाप लागते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा यावरील साधा उपाय आहे.

आहार

बहुतेक टँगच्या आहाराचा पाया समुद्री शैवाल हा असतो. सुशीसाठी मिळणारी नोरी सर्वत्र वापरली जाते. मात्र ती मीठ, तेल व मसालाविरहित असावी लागते. नोरीचा तुकडा चिमट्याने काचेला वा खडकाला लावून ठेवल्यास मासा दिवसभरात थोडाथोडा खुडून खातो. एकाहून अधिक टँग असल्यास दोन-तीन दूरच्या जागी चिमटे लावतात, जेणेकरून प्रबळ मासा सर्व अन्नावर ताबा ठेवू शकत नाही. अल्व्हा व ग्रॅसिलेरिया ही शैवाले ताजी मिळाल्यास उत्तम पूरक ठरतात. पालक, कोबी यांसारख्या जमिनीवरील भाज्या समुद्री शैवालाची जागा घेऊ शकत नाहीत.

यासोबत स्पायरुलिनायुक्त दाणे, गोठवलेले मायसिस व आर्टेमिया अल्प प्रमाणात देतात. पॅराकँथ्युरस व नासो या प्रजातींना प्राणिज अन्नाचा वाटा अधिक लागतो. टीनोकीटस प्रजातीतील मासे खडकावरील थरावर अवलंबून असल्याने अगदी नव्या, चकचकीत टाकीत ते उपाशी राहण्याचा धोका असतो.

निरोगी टँगचे पोट किंचित फुगीर दिसते. पोट आत ओढलेले असणे आणि पाठीचा वरचा भाग धारदार दिसणे ही उपासमारीची खूण आहे. सायनाइड वापरून पकडलेले किंवा वाहतुकीत दीर्घकाळ उपाशी राहिलेले मासे अनेकदा पुन्हा खाऊ लागत नाहीत. त्यामुळे दुकानात मासा खाताना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विकत न घेण्याचा संकेत मत्स्यपालकांत रूढ आहे.

सहवास

टँग क्लाउनफिश, डॅमसेल, गोबी, ब्लेनी, अँथियस, रास अशा बहुतेक माशांसोबत राहू शकतात. ते सहसा प्रवाळ खात नाहीत आणि प्रवाळांवर चढणारे शैवाल आटोक्यात ठेवतात. यामुळे प्रवाळांच्या टाकीत ते उपयुक्त समजले जातात. संघर्ष मुख्यतः टँगमध्येच होतो. त्याचे स्वरूप तीन बाबींवरून बऱ्याच अंशी ओळखता येते : समान जाती, समान प्रजाती आणि समान शरीररचना. दोन मासे जितके सारखे दिसतात व जितके एकसारखे खातात, तितके ते परस्परांना प्रतिस्पर्धी मानतात. पिवळा व जांभळा टँग हे एकाच झेब्रासोमा प्रजातीतील असल्याने त्यांच्यात भांडण होण्याची शक्यता मोठी असते. त्याउलट एक झेब्रासोमा, एक टीनोकीटस व एक नासो पुरेशा मोठ्या टाकीत बरेचदा शांतपणे नांदतात.

संघर्षाची सुरुवात प्रदर्शनाने होते. मासा पृष्ठपर व गुदपर पूर्ण उभारतो, प्रतिस्पर्ध्याला समांतर उभा राहतो आणि शेपटीचा बुडखा त्याच्याकडे वळवतो. दुसरा मासा मागे हटला नाही तर शेपटीचा फटका बसतो. अंगावरील समांतर ओरखडे व फाटलेले पर ही त्याची चिन्हे होत. पहिल्या दोन-तीन दिवसांतील किरकोळ पाठलाग बहुधा आपोआप शमतो. परंतु नवा मासा सतत कोपऱ्यात किंवा पाण्याच्या पृष्ठभागाशी अडकून राहत असेल, खाण्यास पुढे येत नसेल किंवा त्याच्या अंगावर जखमा असतील, तर त्याला वेगळे करावे लागते. ‘आपोआप जुळवून घेतील’ या भरवशावर थांबल्यास दुर्बळ मासा अनेकदा जखमांऐवजी उपासमारीने वा रोगाने मरतो आणि मृत्यूचे मूळ कारण लक्षात येत नाही.

संघर्ष कमी करण्यासाठी पुढील उपाय वापरले जातात :

• क्रम : सर्वांत शांत व लहान जाती आधी आणि सर्वांत आक्रमक जाती शेवटी सोडणे. सोहल किंवा जांभळा टँग आधीपासून स्थिरावलेल्या टाकीत नवा टँग जगवणे कठीण असते.
• एकत्र सोडणे : एकाहून अधिक टँग ठेवायचे असल्यास ते एकाच वेळी सोडणे, म्हणजे कोणाचाही आधीचा हक्क राहत नाही.
• आकारातील फरक : नवा मासा जुन्या माशाहून स्पष्टपणे लहान वा मोठा असल्यास स्पर्धा कमी होते.
• पारदर्शक पेटी : नव्या माशाला काही दिवस भोके असलेल्या पारदर्शक पेटीत टाकीतच ठेवणे. जुने मासे त्याला पाहून सरावतात आणि तो निर्धास्तपणे खाऊ लागतो.
• खडकांची फेरमांडणी : मांडणी बदलल्याने जुन्या माशाच्या क्षेत्राच्या खुणा पुसल्या जातात.
• आरसा : टाकीच्या एका टोकाला बाहेरून आरसा लावल्यास आक्रमक मासा काही दिवस प्रतिबिंबाशी गुंतून राहतो.

पिवळ्या टँगचा गट ठेवायचा झाल्यास दोनऐवजी पाच किंवा अधिक मासे एकदम व मोठ्या टाकीत सोडतात, ज्यामुळे आक्रमकता एकाच माशावर केंद्रित होत नाही. दोन माशांची जोडी हा बहुधा सर्वांत वाईट पर्याय असतो, कारण त्यात दुर्बळ माशाला विसावा मिळत नाही.

रोग

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

क्रिप्टोकॅरियन इरिटान्स या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा रोग टँगमध्ये इतका वारंवार दिसतो की टाकीत तो शिरल्याची पहिली खूण बहुधा त्यांच्याच अंगावर उमटते. मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके, खडकावर अंग घासणे, जलद श्वसन व भूक मंदावणे ही त्याची लक्षणे आहेत.

परजीवीचे जीवनचक्र समजल्याशिवाय उपचार समजत नाहीत. परजीवी काही दिवस माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत राहून पोसतो, नंतर गळून पडतो आणि तळाशी वा खडकावर कवचबद्ध होतो. कवचात त्याचे विभाजन होऊन असंख्य पोहणारी पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. यामुळे ठिपके काही दिवसांत आपोआप नाहीसे होतात, पण तो रोग बरा झाल्याचा पुरावा नसतो. पुढील फेरीत ठिपके कित्येक पटींनी वाढून परततात. मधल्या काळात लसूण किंवा अन्य घरगुती उपायाला श्रेय दिले जाते आणि मौल्यवान वेळ वाया जातो.

सिद्ध उपचार मुख्य टाकीबाहेर, स्वतंत्र टाकीत केले जातात :

• ताम्र उपचार : पाण्यातील ताम्राचे प्रमाण औषधाच्या प्रकारानुसार नेमके राखून सुमारे तीन ते चार आठवडे उपचार चालवतात. रोज चाचणी आवश्यक असते. ताम्र प्रवाळ, कोळंबी, शंख इत्यादी अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक आहे आणि खडक-वाळूत शोषले जाते, म्हणून ते मुख्य टाकीत कधीही घालत नाहीत.
• अल्प क्षारता : विशिष्ट गुरुत्व टप्प्याटप्प्याने १.००९ पर्यंत उतरवून काही आठवडे राखतात. मासे हे सहन करतात, परजीवीची कवचे मात्र बहुधा फुटतात. या काळात पीएच घसरू न देणे महत्त्वाचे असते.
• टाकीबदल : माशाला दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत चार वेळा हलवतात. गळून पडलेले परजीवी प्रत्येक वेळी मागे राहतात.

उपचार कोणताही असला तरी मुख्य टाकी त्या काळात पूर्णपणे माशांविना ठेवावी लागते. त्यासाठी सहा ते अकरा आठवड्यांचा कालावधी सांगितला जातो. एकही मासा मागे राहिल्यास चक्र सुरू राहते. अतिनील किरणांचा दिवा परजीवींची संख्या कमी करू शकतो, पण त्यांचे निर्मूलन करत नाही. स्वच्छक रास हा मासाही या रोगावरील उपाय नाही. तो स्वतःच बंदिवासात जगवणे कठीण आहे.

इतर विकार

ॲमिलूडिनियम ओसेलेटम या परजीवीमुळे होणारा ‘मखमल रोग’ याहून घातक आहे. त्वचेवर बारीक धुळीसारखा थर येतो, श्वसन अतिशय जलद होते आणि काही दिवसांत सर्व मासे मरू शकतात. यात अल्प क्षारता उपयोगी पडत नाही. ताम्राचा उपचार तातडीने करावा लागतो. पिवळ्या टँगच्या अंगावर दिसणारे बारीक काळे ठिपके हे एका सूक्ष्म चपट्या कृमीमुळे येतात आणि उपचारांना सहसा दाद देतात.

डोके व पार्श्वरेषेची झीज हा टँगमध्ये वारंवार आढळणारा विकार आहे. चेहऱ्यावर व शरीराच्या मध्यरेषेवर खड्डे पडून रंग उडतो. अपुरे पोषण, विशेषतः जीवनसत्त्वांची कमतरता, हे त्याचे कारण दीर्घकाळ मानले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत लिग्नाइटपासून बनवलेल्या सक्रिय कोळशाच्या वापराशी त्याचा संबंध दाखवण्यात आला. कोळसा चांगला धुणे, धूळ न सोडणारा प्रकार वापरणे आणि शैवालयुक्त आहार देणे हे त्यावरील उपाय होत. झालेली झीज मात्र नेहमीच पूर्ण भरून येत नाही.

विलगीकरण

नवा मासा चार ते सहा आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवणे हा रोगप्रतिबंधाचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. या टाकीत वाळू व खडक नसतात. लपण्यासाठी पीव्हीसी नळ्यांचे तुकडे, आधीच जीवाणूंनी वसलेला स्पंज फिल्टर आणि तापमान राखण्याचे साधन एवढे पुरते. रोगाच्या निरीक्षणाखेरीज माशाला नोरी व दाणे खाण्याची सवय लावणे आणि भांडणाविना वजन भरून काढू देणे हेही विलगीकरणाचे लाभ आहेत.

हाताळणी

टँग जाळ्यात पकडल्यास शेपटीचा काटा जाळीत अडकतो. त्यातून मासा व मत्स्यपालक दोघांनाही इजा होऊ शकते. म्हणून माशाला प्लास्टिकच्या भांड्यात वळवून पाण्यासह उचलणे श्रेयस्कर मानले जाते. टाकीत हात घालताना मोठ्या टँगपासून अंतर राखतात. दीर्घ प्रवासाच्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो. पिशवी उघडल्यावर पाण्याचा पीएच वाढून तो अधिक विषारी होतो. त्यामुळे अशा माशाला तासन्‌तास थेंबथेंब पाण्याशी जुळवत बसण्यापेक्षा विलगीकरण टाकीची क्षारता पिशवीतील पाण्याइतकी आधीच राखून त्याला लवकर हलवणे अधिक सुरक्षित ठरते.

मासेमारी, प्रजनन व कायदा

मत्स्यालयांसाठी विकले जाणारे बहुसंख्य टँग समुद्रातून पकडलेले असतात. पिवळ्या टँगचा मुख्य पुरवठा अनेक दशके हवाई बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावरून होत असे. तेथील किनाऱ्याचा सुमारे ३५ टक्के भाग १९९९ च्या अखेरीस या मासेमारीस बंद करण्यात आला. २०१७ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यापारी परवान्यांसाठी पर्यावरणीय परीक्षण आवश्यक ठरवले. त्यानंतर पुरवठा घटून पिवळ्या टँगच्या किमती मोठ्या प्रमाणावर वाढल्या.

टँगची अंडी व डिंभ अतिशय सूक्ष्म असून डिंभ अनेक आठवडे खुल्या पाण्यात तरंगत वाढतात. त्यामुळे त्यांचे कृत्रिम प्रजनन दीर्घकाळ अशक्यप्राय समजले जात होते. हवाईतील ओशॅनिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ मध्ये पिवळ्या टँगची पिल्ले बंदिवासात वाढवण्यात यश आले. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पॅराकँथ्युरस हेपॅटसबाबतही तसेच यश मिळाले. बंदिवासात जन्मलेला पिवळा टँग आता व्यापारी स्वरूपात उपलब्ध आहे. असे मासे तयार अन्नास आधीच सरावलेले असतात.

भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे टँगच्या टाकीसाठी भारतीय किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळखडक गोळा करणे बेकायदेशीर ठरते. सच्छिद्र कृत्रिम खडक हा त्यास पर्याय आहे.

टाकीत न मावणारा मासा समुद्रात सोडणे हा मार्ग नव्हे. मूळचा हवाई व पश्चिम प्रशांतातील पिवळा टँग फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळल्याच्या नोंदी आहेत आणि त्याचे कारण मत्स्यालयांतून सोडलेले मासे हेच मानले जाते. अशा माशासाठी मोठी टाकी असलेला मत्स्यपालक, दुकान किंवा सार्वजनिक मत्स्यालय शोधणे हाच मार्ग उरतो. मोठ्या टँगला जागा देऊ शकणाऱ्या टाक्या थोड्या असल्याने ही तजवीज मासा घेण्यापूर्वीच करून ठेवणे इष्ट ठरते.

हेही पाहा

• प्रवाळभित्ती
• मत्स्यालय
• शैवाल
• लक्षद्वीप